हिरण्यकेशीचा उगम, देवळातला मासा आणि उन्हाळ्यातलं पाणी

विभाग: निसर्ग आणि भटकंती

शेवाळ

जून तोंडावर आला की इथे 'आंबोलीला जातोय, काय काय बघू?' असे धागे निघायला लागतात. उत्तरंही ठरलेली: मोठा धबधबा, कावळेसाद, महादेवगड, भजी, कणीस. त्यात भर घालायचा विचार नाही. हा धागा हिरण्यकेशीच्या उगमापाशी असलेल्या ओढ्याबद्दल आहे. जाणकारांनी भर घालावी, गावातल्या लोकांनी तर नक्कीच.

पाहिलं नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात. आंबोलीच्या बाजारपेठेपासून चार-पाच किलोमीटरवर महादेवाचं देऊळ आहे. देवळालगत कातळात गुहा, गुहेतून बारमाही पाणी येतं, कुंडात पडतं आणि पुढे ओढा होऊन झाडीत शिरतं. हीच ती आजरा-गडहिंग्लजची हिरण्यकेशी. हवा स्वच्छ असली तर आंबोलीच्या कड्यावरून पश्चिमेला समुद्राची रेघ दिसते, पण हे पाणी तिकडे फिरकतही नाही. ते पूर्वेला निघतं, घटप्रभेला मिळतं, कृष्णेतून थेट बंगालच्या उपसागरात. घाटातल्या धबधब्यांचं पाणी मात्र खाली कोकणात उतरतं. एकाच गावातला पाऊस दोन समुद्रांना वाटला जातो.

या कुंडात आणि ओढ्यात एक छोटा मासा आहे, शिस्टुरा हिरण्यकेशी. २०२० साली प्रवीणराज जयसिंहन, तेजस ठाकरे आणि शंकर बालसुब्रमण्यन यांनी तो नवी जात म्हणून 'ॲक्वा' या मत्स्यशास्त्राच्या नियतकालिकात नोंदवला. पाठोपाठ २०२१ मध्ये राज्य सरकारने देवळाभोवतालची २.११ हेक्टर जागा जैवविविधता वारसा स्थळ म्हणून जाहीर केली. महाराष्ट्रातलं पहिलं असं स्थळ गडचिरोलीतलं आलापल्लीचं जंगल. लांडोरखोरी, गणेशखिंड आणि दोडामार्गातली बांबर्ड्याची मायरिस्टिका दलदलही त्याच यादीत आहे. एका माशासाठी जागा राखायची ही कल्पना मला तेव्हाही आवडली होती, आजही आवडते.

मासा बघायचा तर कुंडाच्या काठावर उकिडवं बसावं, सावली पाण्यावर पडू देऊ नये आणि नजर तळाशी ठेवावी. तो मधल्या पाण्यात पोहत नाही. खड्यांवर पोट टेकून, तोंड प्रवाहाकडे करून बसतो. अंगावर गडद पट्टे, तोंडाशी बारीक मिशा. हलला की कळतं की आपण इतका वेळ त्याच्याकडेच बघत होतो. एका खड्यावरून झपकन दुसऱ्यावर जातो, थांबतो, मिशांनी तळ चाचपतो आणि दोन दगडांच्या फटीत नाहीसा होतो. त्याचं सगळं जगणं त्या फटींत आहे. खाणं तिथे, लपणं तिथे. फटी गाळाने बुजल्या की पाणी वरून कितीही नितळ दिसो, या माशाला घर उरत नाही.

माझा मुद्दा असा. ओढ्याची काळजी सगळ्यांना जुलैत वाटते, कारण गर्दी तेव्हा दिसते. पण जुलैत आंबोलीला जो पाऊस पडतो (वर्षाचा आकडा सात हजार मिलिमीटरच्या वर जातो) त्यात साबण, तेल, निर्माल्य सगळं धुऊन निघतं. ओढ्याचा खरा कसोटीचा काळ महाशिवरात्रीपासून पहिल्या वळवापर्यंत. पाणी बोटभर होतं, मासे उरलेल्या डबक्यांत गोळा होतात, आणि नेमकी तेव्हाच यात्रा असते. तेव्हाचं एक साबणाचं पाणी जुलैतल्या शंभर जणांच्या आंघोळीला भारी पडतं. आणि २.११ हेक्टरात कुंड येतं, ओढ्याचा तुकडा येतो. ज्या वरच्या सड्यात (कातळाच्या सपाट पठारात) मुरलेला पाऊस कुंडात येतो, तो मात्र येत नाही.

तर विचारायचं हे की पाटी लागली, पुढे काय? आणि आपण जाणाऱ्यांनी नेमकं काय पाळावं?

बेडूकराव

चांगला विषय. माशाला मान मिळाला, आता बेडकाची बाजू मांडतो.

आंबोलीचा खरा धनी म्हणजे आंबोली टोड, झँथोफ्रायनी टायग्रिना. २००९ मध्ये बिजू आणि सहकाऱ्यांनी त्याचं वर्णन केलं. कुशीवर पिवळे-काळे पट्टे, म्हणून वाघाचं नाव. आययूसीएन या जागतिक निसर्गसंवर्धन संघटनेच्या यादीत 'अतिसंकटग्रस्त'. हा ओढ्यात अंडी घालत नाही. जूनचे पहिले पाऊस झाले की सड्यावर जांभ्याच्या खळग्यांत जे वीतभर पाणी साठतं, त्यात घालतो. सगळा जुगार पावसाच्या सातत्यावर. दोन-चार दिवस उघडीप पडली आणि खळगा आटला की ती वीण गेली.

आता शेवाळ म्हणतात तो वरचा सडा इथे येतो. ज्या कातळावर हा बेडूक वाढतो, तिथेच मुरलेलं पाणी पुढे गुहेतून बाहेर पडतं. सड्यावर जेसीबी फिरवून सपाटी केली तर वरचे खळगे जातात आणि सुटलेली तांबडी माती पहिल्याच पावसात ओढ्यात उतरते. बेडूक आणि मासा दोघांचं एकदम उरकतं.

दुसरं, रस्ता. पहिल्या पावसाच्या रात्री नर रस्त्यावर येऊन बसतात. डांबर दिवसभर तापलेलं असतं, त्यावर पाणी साचलेलं असतं. गाड्या चालूच. सकाळी चपटे झालेले बेडूक डांबराला चिकटलेले दिसतात. रस्त्यावर मरणाऱ्या या बेडकांवर अभ्यासही झालेत, नवी गोष्ट नाही. इतक्या छोट्या मुलखात राहणाऱ्या जातीला हे परवडणारं नाही.

घाटावरची

दोन लहान मुलं घेऊन जुलैत जायचा बेत आहे. हे वाचून जाऊ की नको असं झालंय. मासे बघायला मिळतात का पावसात?

शेवाळ

ताई, जुलैत कुंडाचं पाणी उसळत असतं, मासा दिसणं मुश्कील. आणि तेव्हा मुलांना काठाशी सोडूही नका, कातळ निसरडा होतो. सप्टेंबर-ऑक्टोबरात जा. पाणी नितळ, ओढा भरलेला, गर्दी ओसरलेली. मुलांना बेडकांची फेसाची घरटीही दाखवता आली असती, पण ती मात्र पावसातलीच. मलबारी उडता बेडूक ओढ्यावर, डबक्यावर झुकलेल्या फांदीवर फेस फेटून त्यात अंडी घालतो. पिल्लं तयार झाली की फेस विरतो आणि ती टपाटप खाली पाण्यात पडतात.

टोमणेबाज

मासा कुणी शोधला ते बघा, वारसा स्थळ कधी जाहीर झालं ते बघा, त्या वेळी मुख्यमंत्री कोण होते ते बघा. बाकी सुज्ञांस सांगणे न लगे.

बेडूकराव

सुज्ञांना हेही सांगायला नको की निबंधावर तीन नावं आहेत आणि जात नवी आहे की नाही हे मुख्यमंत्री ठरवत नाहीत. उद्या सरकार बदललं म्हणून माशाचे पट्टे बदलायचे नाहीत. जाहीर लवकर झालं म्हणता? बरं झालं. बाकीची ठिकाणं का रखडली, हा प्रश्न विचारा, मी सोबत आहे.

आणि आंबोलीची ओळख त्या एका माशाने झालेली नाही. बिनपायांच्या गांडुळासारख्या दिसणाऱ्या देवगांडुळांपैकी गेगेनिओफिस डॅनिएली ही जात २००३ मध्ये इथूनच नोंदली गेली. इंडिराना चिरावासी हा उड्या मारणारा बेडूक २०१४ मध्ये. आंबोलीचं नाव लावणारा झुडपी बेडूक आहे, आंबोलीचं नाव लावणारी पालही आहे. एका गावाच्या परिसरात इतक्या जातींचा पहिला पत्ता असणं ही साधी गोष्ट नाही.

माथ्यावरचा

मी आंबोलीतलाच. बराच वेळ वाचतोय, आता बोलतो.

तो मासा २०२० साली तुमका गावलो, आमका नाय. आम्ही ल्हान असताना कुंडातल्या माश्यांका कोण हात लावी नसा. देवाचे मासे ते, धरूचे नाय, एवढाच म्हायत. आजी सांगी, धरलंस तर देव बघून घेतलो. म्हणजे तुमच्या अधिसूचनेच्या आधी आमचो देव राखण करीत होतो.

आता नीट मराठीत. आम्हाला वारसा स्थळाचं वाईट वाटलेलं नाही. पण आंबोली, चौकुळ, गेळे या तीन गावांत जमिनीचा प्रश्न काय आहे ते पुण्या-मुंबईच्या लोकांना माहीत नसतं. कबुलायतदार गावकर पद्धत. संस्थानच्या काळापासून गावाने मिळून कसलेली जमीन. १९९९ साली सातबाऱ्यावर महाराष्ट्र शासन लागलं, कुठे खासगी वनाचा शेरा. घर बांधायला कर्ज मिळत नाही, वाटणीचं कागदोपत्री होत नाही. वर्षानुवर्षं मोर्चे, बैठका, आश्वासनं. अशा माणसाला तुम्ही येऊन सांगता, 'वरचा सडाही राखीव करा'. त्याला काय ऐकू येतं? अजून एक शेरा.

आणि सड्यावर जेसीबी कोण लावतो? आम्ही भात नि नाचणी करणारे? प्लॉट कोण घेतं ते जाऊन बघा.

कलम_छत्तीस

माथ्यावरचा यांनी मुद्द्यावर बोट ठेवलंय. कायद्याची बाजू थोडी उलगडतो, कारण दोन-तीन वेगळ्या गोष्टींची इथे नेहमी सरमिसळ होते.

जैवविविधता वारसा स्थळ जाहीर होतं ते जैवविविधता कायदा २००२ च्या कलम ३७ खाली. राज्य सरकारने स्थानिक संस्थांशी विचारविनिमय करून ते करायचं असतं. अभयारण्यासारखा प्रवेशबंदीचा हा प्रकार नाही, आणि लोकांच्या चालत आलेल्या रीती बंद पाडणं हा त्याचा हेतूही नाही. त्याच कलमात अशीही तरतूद आहे की या घोषणेमुळे कुणाचं आर्थिक नुकसान होत असेल तर सरकारने भरपाईची किंवा पुनर्वसनाची योजना करावी. ही ओळ ग्रामसभेत कुणी वाचून दाखवत नाही. दाखवली पाहिजे.

दुसरा प्रकार संवर्धन राखीव क्षेत्र, वन्यजीव संरक्षण कायद्याचं कलम ३६ अ. २००२ च्या दुरुस्तीने आलं. ते फक्त सरकारी मालकीच्या जमिनीवर करता येतं. तिलारी २०२० मध्ये झालं, २९.५३ चौरस किलोमीटर. त्यानंतर आंबोली-दोडामार्ग झालं, जवळपास ५७ चौरस किलोमीटर. इथे आग लावणं, जनावरांना अपाय होईल अशी रसायनं किंवा स्फोटकं वापरणं बंद. व्यवस्थापन समितीत ग्रामपंचायतीचे प्रतिनिधी असतात, पण समितीचं काम सल्ला देण्याचं. अंतिम शब्द मुख्य वन्यजीव रक्षकांचा.

खासगी किंवा सामूहिक जमीन असेल तर ३६ क खाली सामूहिक राखीव क्षेत्र होतं, तेही लोकांनी स्वतःहून पुढे येऊन. आता गंमत बघा. तीन गावांची जमीन नेमकी सरकारची की गावाची, यावरच वाद. तो मिटल्याशिवाय सड्याला कुठलं कलम लावायचं हेच ठरत नाही. म्हणजे ओढ्याचं भवितव्य महसूल खात्याच्या फाइलीत अडकलंय, वन खात्याच्या नव्हे.

शेवाळ

हे फार नेमकं सांगितलंत. आणि माथ्यावरचा, 'देवाचे मासे' हे वाचून महाडजवळचा वाळण कोंड आठवला. काळ नदीचा डोह, काठाला वरदायिनीचं देऊळ, आणि डोहात हातभर लांबीचे महासीर. कुणी गळ टाकत नाही. वाड्याजवळ वैतरणेवर तिळसेश्वराच्या डोहातही तसंच. अधिसूचना कुठलीही नाही. फरक इतकाच की देव माणसांना मासे धरण्यापासून अडवतो, शाम्पूच्या पुड्यांपासून नाही. ते काम कुणालातरी करावं लागेल.

गडहिंग्लजकर

आमच्याकडे खाली येऊन बघा की हिरण्यकेशी. उगमाला मान, आणि आमच्यापर्यंत येईतोवर नदी ऊसवाल्यांची, बंधाऱ्यांची आणि गटारांची. चित्री धरणाचं पाणी सोडतात म्हणून उन्हाळ्यात नदी दिसते तरी. कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्यांत बरगे (अडवायच्या फळ्या) घातले की पाणी तुंबतं, मग कधी जलपर्णी, कधी वास, कधी मेलेले मासे वर आलेले. आमच्या पोरांना नदीत पोहायला सोडत नाही आता. आम्ही शिकलो ते ह्याच नदीत.

मी म्हणतो, वारसा फक्त गुहेच्या तोंडाशीच का? नदी एकच हाय ना?

बेडूकराव

एकच आहे, पण त्यातला जीव एकच नाही. आंबोलीपाशी वाहतं, थंड, खडकाळ पाणी. ओढ्याचा मासा त्यातला प्राणवायू आणि खडे यांवर जगतो. तुमच्याकडचं संथ, खोल, गाळाचं पाणी. तिथले मासे वेगळे. शिस्टुरा वाहत तुमच्याकडे आला तरी टिकायचा नाही. म्हणून उगमाकडचा तुकडा वेगळा राखण्याला अर्थ आहे. पण बंधाऱ्यांनी नदीचे तुकडे झाले की वरचा ओढा बेटासारखा एकटा पडतो, हे तुमचं खरं. एखाद्या वर्षी काही विषारी वरून उतरलं, तर खालून येऊन ती जागा भरायला कुणी नाही.

रानजाई

फोटोवाल्यांबद्दल कुणीच बोलत नाहीये, म्हणून बोलते. मी स्वतः मॅक्रो (अगदी जवळून काढलेले फोटो) करते, तेव्हा घरचा आहेर समजा.

रात्री नऊनंतर ओढ्यात टॉर्चची रांग लागलेली असते. मलबारी चापडा फांदीवर बसलाय, वीस जण त्याच्याभोवती. हिरवा, तपकिरी, नारिंगी, रंगांची चंगळ असते या सापात, म्हणून प्रत्येकाला हवा. तो तिथे बेडकांसाठी दबा धरून बसलेला असतो. अंगावर तासभर फ्लॅश पडले की शिकार गेली. 'जरा मोकळ्या फांदीवर घ्या' म्हणून आकड्याने साप उचलून हलवलेले मी बघितलेत. पैसे घेऊन कार्यशाळा चालवणारे ते, नावं घेत नाही.

सगळ्यात वाईट म्हणजे ओढ्याच्या मधून चालणं. गमबूट घालून पात्रातून वर जातात, कारण काठाला जळवा. रातबेडूक ओढ्यावर झुकलेल्या पानांवर, ओल्या दगडांवर अंडी घालतात. इंडिरानाची पिल्लं तर पाण्यात नसतातच. ओल्या कातळावर, पाण्याचा नुसता पापुद्रा असतो तिथे सरपटत असतात. शेवाळ खरवडताना जवळून बघितलीत तर शेपटी सरड्यासारखी लांबसडक, आणि बूट पडेपर्यंत हलत नाहीत. एक गट वर जाऊन खाली आला की त्या कातळावर काय उरतं?

कॅमेरेवाला

सगळ्यांना एका मापात मोजू नका. आंबोलीत बेडकांवर बोलणारी पिढी फोटोंनीच तयार केली. गावातली मुलं गाइड झाली, होमस्टे चालले. लोकांना बेडूक दाखवून पैसा मिळतो हे कळलं, म्हणून तर बेडूक वाचवायचे असं वाटायला लागलं.

रानजाई

मान्य, त्यात वाद नाही. गावातला गाइड असेल तर तोच ओरडतो, 'पात्रात उतरू नका'. त्रास बाहेरून गट घेऊन येणाऱ्यांचा. त्यांना पुढच्या शनिवारी दुसरीकडे जायचं असतं. बरं, तेच बूट. एका ओढ्यातला चिखल दुसऱ्या ओढ्यात. बेडकांना मारणारी कायट्रिड बुरशी सह्याद्रीत नोंदली गेलीय. सुदैवाने इथे तिने इतर देशांसारखा हाहाकार केलेला नाही. पण बूट धुऊन, कडकडीत वाळवून पुढे जायला काय लागतं?

माथ्यावरचा

गाइडचं बरोबर बोललात ताई. आमची पोरं ओरडतात, मग हॉटेलवाल्याकडे तक्रार जाते की 'तुमचा गाइड उद्धट आहे'.

शेवाळ, तुमचा उन्हाळ्याचा मुद्दा मला सगळ्यात पटला. एवढा पाऊस पडून एप्रिल-मेत आमच्याकडे पाणी जपून वापरावं लागतं हे पर्यटकाला सांगितलं तर हसतो. कातळावरून पाणी धावत जातं, थांबत नाही. जिथे झाडी आणि माती आहे तिथेच मुरतं. देवराई तोडू नये म्हणायचे ते याच्यासाठीच असेल.

महाशिवरात्रीला कुंडापाशी काय होतं ते सांगतो. लोक श्रद्धेने येतात, दूध वाहतात, तेल, फुलं, नारळ. पाणी वाहतं नसतं तेव्हा. दुसऱ्या दिवशी वर पांढरट तवंग. आम्ही काही जण ते काढतो, पण दूध कसं काढणार?

पेडणेकर_गोवा

आमच्याकडून एक. तिलारीचं पाणी गोव्यात येतं, म्हणून आमचं त्या बाजूला लक्ष असतं. आंबोली, तिलारी, म्हादई, पलीकडे भीमगड, हा सगळा जनावरांचा एकच पट्टा. वाघ राज्याची हद्द बघून फिरत नाही. तिलारीत पाणमांजरंही आहेत, कळपाने. पाणमांजर असलं की समजायचं मासे आहेत, मासे असले की पाणी ठीक आहे. तुमच्या शिस्टुराला वाघासारखं पोस्टर मिळायचं नाही, पण त्याच पट्ट्याचं वरचं टोक तो धरून आहे.

बाय द वे, चढणीचे मासे धरतात का तिथे? आमच्याकडे पहिल्या पुराला शेतात चढलेले मासे काठीने मारतात, आता तर ब्लीचिंग पावडर टाकणारेही निघालेत.

माथ्यावरचा

चढणीचे मासे घाटाखाली जास्त. वर थोडे. पूर्वी गेळफळं ठेचून कोंडीत टाकायचे, मासे गुंगायचे, लागतील तेवढे उचलायचे, बाकीचे पाणी वाहिलं की शुद्धीवर यायचे. ब्लीचिंगने काहीच शुद्धीवर येत नाही, किडाही नाही. कलम_छत्तीस म्हणतात तशी रसायनांना बंदी असेल तर तेवढा कागद मला पाठवा. पंचायतीच्या फलकावर लावतो.

कलम_छत्तीस

पाठवतो. वन्यजीव कायद्याचं कलम ३२. अभयारण्यापुरतं वाटतं वाचताना, पण ३६ अ मध्ये ते संवर्धन राखीव क्षेत्रालाही लागू केलेलं आहे.

आणखी एक. तुमच्या पंचायतीची जैवविविधता व्यवस्थापन समिती असणारच, कायद्याच्या कलम ४१ खाली ती प्रत्येक स्थानिक संस्थेने करायची असते. लोकजैवविविधता नोंदवही तिच्याकडे. त्या वहीत उन्हाळ्यातल्या पाण्याच्या नोंदी घालता येतील: कुठल्या महिन्यात कुठली कोंड आटली, कुठे मासे दिसले. तज्ज्ञ लागत नाही. रोज तिथे जाणारा पुजारी किंवा गुराखी पुरे. सरकारदरबारी 'वरचा सडा महत्त्वाचा' हे नुसतं सांगून चालत नाही. पाच उन्हाळ्यांच्या नोंदी टेबलावर ठेवल्या की ऐकावं लागतं.

गप्पी

मूर्ख प्रश्न असेल तर माफ करा. डास होतात म्हणून कुंडात गप्पी मासे सोडले तर? आमच्या सोसायटीच्या टाकीत सोडलेत, चांगलं काम करतात.

बेडूकराव

कृपा करून नको! टाकीत ठेवा, ओढ्याजवळही नेऊ नका. गप्पी आणि गंबुशिया बाहेरचे. झपाट्याने वाढतात, अंडी आणि बारकी पिल्लं खातात, अगदी बेडकांचीही. वाहत्या ओढ्यात डासांच्या अळ्या आवरायला आपले बेडूक-मासे आणि चतुरांच्या अळ्या समर्थ आहेत. देवाला वाहायचे म्हणून बाजारातले रंगीत मासे, कासवं आणून सोडतात लोक. तेही तितकंच घातक. पुण्य लागत नाही त्याने.

प्रश्न मूर्ख नाही. हा गैरसमज आरोग्य खात्याच्या मोहिमांमुळेच घरोघरी पोचलाय.

शेवाळ

चर्चा चांगली झाली. वर आलेल्यातलं जाणाऱ्यांच्या कामाचं एकत्र करून ठेवतो, म्हणजे पुढच्या 'काय बघू' धाग्यावर दुवा देता येईल.

कुंडात साबण-शाम्पू नाही, कधीच नाही; फेब्रुवारी ते मे तर पाय धुवायलाही उतरू नका. दूध-तेल पिंडीवर वाहा, कुंडात नको. ओढ्याच्या पात्रातून चालू नका. रात्री जायचं तर गावातला गाइड घ्या आणि तो नको म्हणाला तर नको. जूनच्या पहिल्या पावसात रात्री गाडी काढणं टाळा. संकेश्वर-बांदा रस्ता रुंद झालाय तशा गाड्याही वेगाने जातात. अंधारात रस्त्यावर उडी मारताना दिसलेला प्रत्येक काळा ठिपका पालापाचोळा नसतो, बेडूकही असतो. माशाचा फोटो वरून, पाण्याबाहेरूनच. बाटलीत घेऊन नाही. हौशी मत्स्यपालकांत रंगीत ओढ्याच्या माशांना गिऱ्हाईक असतं, म्हणून ही शेवटची गोष्ट जास्त महत्त्वाची.

माथ्यावरचा, शिवरात्रीच्या दुधाचं काय करता येईल? वाहायला वेगळं भांडं ठेवलं आणि ते खाली गुरांना नेलं तर?

माथ्यावरचा

वेगळं भांडं चालेल असं वाटतं, पण हे मी ठरवून होत नाही. मानकऱ्यांना विचारावं लागेल, पुजाऱ्याला विचारावं लागेल. बाहेरच्या माणसाने सांगितलं असं कळलं तर तिथेच मोडेल, म्हणून तुमचं नाव घेणार नाही, राग मानू नका. 'मासे देवाचे, त्यांच्या अंगावर तवंग येतो' असं सांगितलं तर म्हातारी माणसं ऐकतील. तरणे वाद घालतील.

पार्किंग खाली थांबवायचं आणि देवळापर्यंत चालत जायचं हा विषय पंचायतीत आधीपासून आहे. दुकानदारांचा विरोध आहे. दुकानं पण खालीच हलवली तर विरोध राहणार नाही, हे माझं मत.

रानजाई

दुकानं खाली हलवली तर पाठिंब्याचं पत्र मी आणि माझ्या ओळखीचे मॅक्रोवाले देतो. गट घेऊन येणाऱ्यांचंही पंचायतीने शुल्क लावून नाव-गाव लिहून घ्यावं. बोंब आमच्यातलेच मारतील, मारू देत.

घाटावरची

ठरलं, जुलै रद्द, दसऱ्याच्या सुट्टीत येतो. माथ्यावरचा दादा, तुमच्या गावात मुलांना घेऊन राहण्यासारखं घरगुती काही असेल तर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा. मासे दिसले नाहीत तरी नाचणीची भाकरी मिळेल ना?

माथ्यावरचा

भाकरी मिळेल, कुळथाची पिठी पण. व्यनि केलाय.